पैंजण, गोठ, राणीछाप रुपये: घरातली चांदी खरी आहे का, हे घरीच कसं तपासायचं

मृगाच्या आधी बियाणं-खताची सोय करताना, नाहीतर घरात लग्न निघाल्यावर, आपल्याकडच्या कास्तकाराच्या घरी पेटीतली चांदी बाहेर निघते. सासूचे गोठ, माहेरच्या तोरड्या, लेकराचे वाळे, जुने दोन-चार रुपये. ते घेऊन बाई तालुक्याच्या सराफाकडे जाते आणि काट्यावर ठेवल्या-ठेवल्या ऐकते, "यात चांदी कमीच हाये बाई, भेसळ लय हाये." हे खरं असू शकतं आणि नसूही शकतं. वाईट एवढंच, की ताडून पाहायला तिच्याजवळ काहीच नसतं. घरून निघताना वजन केलेलं नसतं, वस्तू कशाची आहे हेही पाहिलेलं नसतं. २०२५ मध्ये चांदीचा किलोचा भाव लाखाच्या बराच वर गेला. अशा दिवसांत दहा-वीस ग्रॅमचा फरकही लहान राहत नाही. बहुतेक घरांत ही चांदी बाईच्या हक्काची एकमेव पुंजी असते, म्हणून हे सगळं नीट सांगतो आहे.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. वस्तू चांदीची आहे की दुसऱ्याच धातूची, हे घरी बऱ्यापैकी खात्रीने कळतं. चांदी शेकडा ८० आहे की ९२, हे मात्र घरी कळत नाही, त्यासाठी टंच, म्हणजे शुद्धतेचं प्रमाण, सराफ्यातून काढून घ्यावा लागतो. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की फसगत होते.

आधी वस्तू वेगळ्या करा

पांढऱ्या कापडावर सगळं पसरा आणि तीन ढीग लावा. पहिला भरीव वस्तूंचा: साधी कडी, गोठ, जोडवी, नाणी, वाट्या, ताटल्या. दुसरा पोकळ किंवा आत काही भरलेल्या वस्तूंचा: लाख भरलेले दागिने, देवाचे टाक, महालक्ष्म्यांचे मुखवटे, मूर्ती. तिसऱ्यात खडे, मणी, घुंगरू, दोरा किंवा मीनाकाम असलेलं सगळं. खाली दिलेली पाण्याची परीक्षा फक्त पहिल्या ढिगासाठी आहे.

टाकांचं थोडं वेगळं आहे. बऱ्याच टाकांत वर चांदीचा पातळ पत्रा आणि मागे तांब्याची पट्टी किंवा लाख असते. टाक घडवायची ती रीतच आहे, त्यात लबाडी नाही. मागे तांबं दिसलं म्हणून टाक खोटा समजू नका. टाकाच्या अख्ख्या वजनाला चांदीचा भाव मात्र मिळणार नाही. भेट म्हणून मिळणाऱ्या चकचकीत मूर्तींचंही असंच असतं. '९९९ शुद्ध चांदी' असं खोक्यावर छापलेलं असतं आणि ते खोटं नसतं, पण पुष्कळदा तो प्लॅस्टिकसारख्या रेझिनवर चढवलेला चांदीचा कागदासारखा थर असतो. मूर्ती हातात दोनशे ग्रॅमची लागते, चांदी मोजक्या ग्रॅमची निघते.

पहिली पायरी: शिक्का शोधा

चांगल्या उजेडात, जमलं तर भिंगातून, कडीची आतली बाजू, पैंजणाचा अडकवायचा आकडा, वाटीचा तळ पाहा. मोबाइलचा कॅमेरा झूम करूनही काम भागतं. हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा अधिकृत शिक्का, असेल तर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) त्रिकोणी चिन्ह आणि शुद्धतेचा आकडा सापडेल. ८००, ८३५, ९२५, ९७० आणि ९९० हे नेहमी दिसणारे आकडे. ९२५ म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या वस्तूचा स्वतंत्र ओळख क्रमांक, देणं सुरू झालं आहे. तो क्रमांक 'बीआयएस केअर' या अ‍ॅपमध्ये टाकला की वस्तूची नोंद दिसते. नोंदीतला वस्तूचा प्रकार आणि शुद्धता हातातल्या वस्तूशी जुळवा. फक्त नोंद निघाली म्हणून थांबू नका, कारण दुसऱ्याच वस्तूचा क्रमांकही कोरता येतो.

सोन्याचं हॉलमार्किंग बंधनकारक आहे, चांदीचं हे सुरू झालं ते ऐच्छिक म्हणून. त्यामुळे जुन्या चांदीवर शिक्का नसणं यात संशयाचं काही नाही. आजीच्या गोठांवर फार तर घडवणाऱ्या सोनाराचं अक्षर असेल. उलट नुसता '९२५' असा एकटा ठसा दिसला तर त्यावर विसंबू नका, तो पंच कोणाकडेही असू शकतो. जुन्या ताटल्या-चमच्यांच्या तळाशी 'ईपीएनएस' अशी इंग्रजी अक्षरं असतील तर ते निकेल-मिश्र धातूवर दिलेलं चांदीचं पाणी आहे. जर्मन सिल्व्हर हे तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण, त्यात चांदीचा कणही नसतो. आठवडी बाजारात आणि यात्रेत 'ऑक्सिडाइज्ड' म्हणून मिळणारे काळपट दागिने बहुतेक याच जातीचे. हौसेने घाला, पण चांदीच्या भावाने घेऊ नका.

दुसरी पायरी: लोहचुंबक

बिघडलेल्या स्पीकरमधलं चुंबक चांगलं जोरदार असतं. ते वस्तूला लावून पाहा. घट्ट चिकटलं तर आत लोखंड किंवा निकेल आहे, विषय संपला. फक्त आकड्यापाशी चिकटलं तर तिथे पोलादी स्प्रिंग असू शकते, तेवढं सोडून द्या. पण चिकटलं नाही म्हणून चांदी ठरत नाही. पितळ, तांबं, शिसं, अ‍ॅल्युमिनियम यांपैकी काहीच चुंबकाला चिकटत नाही. गावोगाव या परीक्षेवर जितका विश्वास ठेवतात तितकी तिची लायकी नाही.

तिसरी पायरी: झिजलेल्या जागा

ही परीक्षा फुकट आहे आणि माझा हिच्यावर फार भरवसा आहे. पैंजणाच्या कड्या एकमेकींवर घासतात ती जागा, जोडव्याचा जमिनीला टेकणारा भाग, वाटीचा काठ, गोठाची टोकं नीट पाहा. चांदी झिजली तरी आत पांढरीच निघते. मुलामा असेल तर तिथे पिवळी किंवा तांबूस झाक उघडी पडते. वर्षानुवर्षं वापरलेली वस्तू झिजल्या जागीही पांढरी असेल तर तो फार चांगला पुरावा आहे. नव्या, न वापरलेल्या वस्तूबद्दल ही परीक्षा काही सांगत नाही.

खाचांमध्ये हिरवा कळंक दिसला तर तांबं आहे हे नक्की. मात्र हलक्या टंचाच्या चांदीतही तांबं असतंच, तेव्हा थोड्या हिरव्यावरून वस्तू खोटी ठरवू नका.

काळेपणाबद्दलही बोलायला हवं. हवेतल्या, घामातल्या गंधकाच्या संयुगांनी चांदीवर सल्फाइडचा काळा थर बसतो. संत्र्यावर किंवा भाजीपाल्यावर गंधकाची फवारणी करणाऱ्या घरात, कांद्याच्या चाळीजवळ चांदी लवकर काळवंडते. "पैंजण काळं पडलं म्हणजे चांदी नकली" किंवा "बाईच्या अंगात उष्णता आहे" या दोन्ही समजुती सोडून द्या. खरी चांदीही काळी पडते. पण तांबंही काळवंडतं, त्यामुळे उकडलेल्या अंड्यासोबत डब्यात ठेवून पाहायची जी युक्ती सांगतात तिच्यावरून फारसं काही ठरत नाही. मुलाम्याची वस्तूही तशीच काळी होते, कारण वरचा थर चांदीचाच असतो.

चौथी पायरी: पाण्यातलं वजन

घरच्या सगळ्या परीक्षांत ही सर्वांत भक्कम. हिला थोडा वेळ द्या.

चांदी जड आहे. एक घन सेंटिमीटर शुद्ध चांदी १०.४९ ग्रॅम भरते. ९२५ ची चांदी साधारण १०.३६, शेकडा ८० ची सुमारे १०.१, अर्धी चांदी-अर्धं तांबं सुमारे ९.७. नुसतं तांबं ८.९६, जर्मन सिल्व्हर ८.७ च्या आसपास, पितळ साधारण ८.५. जस्त आणि कथील सातच्या घरात, अ‍ॅल्युमिनियम तर फक्त २.७. चांदीच्या वर जाणारं स्वस्तातलं एकच, शिसं, ११.३४. चांदीचं पाणी देऊन रंग लपवता येतो, हा आकडा लपवता येत नाही.

यासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला डिजिटल काटा लागतो. ऑनलाइन तो काही शे रुपयांत मिळतो. बचत गटाने मिळून एक घेतला तर सगळ्या घरांचं काम होईल. किराणा दुकानातला काटा इथे चालणार नाही. काटा आला की आधी तोच तपासा. ₹ चिन्ह असलेलं १० रुपयांचं दोन रंगी नाणं ७.७१ ग्रॅमचं असतं. चार-पाच नाणी एक-एक करून ठेवा. आकडा सगळ्यांचा साधारण तेवढाच आला तर काटा कामाचा.

मग असं करा. पंखा बंद, काटा सपाट फरशीवर. वस्तू साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा, वजन करा, कागदावर लिहा. आता काट्यावर प्लॅस्टिकचा हलका पेला ठेवा, त्यात वस्तू बुडेल इतकं पाणी घ्या आणि 'टेअर'चं बटण दाबून आकडा शून्यावर आणा. पेला, पाणी आणि बुडवलेली वस्तू मिळून काट्याच्या कमाल वजनापुढे जाणार नाही एवढं पाहा. वस्तू बारीक शिवणदोऱ्याला बांधून पाण्यात सोडा. ती पूर्ण बुडाली पाहिजे, पण तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये. टेकली की सगळा हिशोब चुकतो. कोरलेल्या नक्षीत हवेचे बुडबुडे अडकतात, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब आधीच मिसळा आणि वस्तू हलकेच झटका. काटा स्थिर झाला की आकडा लिहा. वस्तूने जेवढं पाणी बाजूला सारलं त्याचं ते वजन.

कोरड्या वजनाला या आकड्याने भागा. समजा कडं कोरडं ६२.४० ग्रॅम भरलं आणि पाण्यात काट्याने ६.०२ दाखवलं. भागाकार १०.३७. हे चांगल्या चांदीचं कडं आहे. त्याच वजनाच्या कड्याला ७.१५ आलं असतं तर भागाकार ८.७३, म्हणजे जर्मन सिल्व्हर किंवा तांब्या-पितळेचा प्रकार. भागाकार १०.० ते १०.५ मध्ये आला तर वस्तू चांदीची मानायला हरकत नाही. ९.५ ते १० मध्ये भेसळ भरपूर. नऊच्या खाली भरीव वस्तू आली तर चांदीची आशा सोडा.

तीनदा मोजा आणि जवळजवळ सारखे येणारे आकडे धरा. वस्तू जितकी जड तितका निकाल पक्का. तीन-चार ग्रॅमच्या जोडव्यात पाण्याचा आकडा ०.३ ते ०.४ च्या आसपास येतो आणि तिथे काट्याच्या शेवटच्या अंकातली एकाची चूकसुद्धा निकाल बिघडवते. अशी जोडवी वेगवेगळी न मोजता एकाच घडणीच्या चार-पाच दोऱ्यात ओवून एकत्र मोजा. ८०, ८३ आणि ९२ टक्क्यांतला फरक मात्र या पद्धतीने सांगायला जाऊ नका, तेवढी बारकाई घरच्या काट्यात नाही. आणि पोकळ कडं पाण्यात हलकं भरलं तर ते खोटं ठरत नाही, आत हवा आहे एवढंच कळतं.

बर्फ आणि आवाज

चांदीतून उष्णता सगळ्या धातूंपेक्षा जलद वाहते, म्हणून चांदीवर बर्फ लवकर विरघळतो. आपल्याकडच्या मे महिन्यात तो कशावरही विरघळतो, तेव्हा एकट्या वस्तूवर ठेवून काही कळत नाही. चांदीच्या वाटीशेजारी तेवढ्याच जाडीची स्टीलची वाटी ठेवा, दोन्हींत सारखे तुकडे टाका. चांदीतला आधी पाणी होईल. जर्मन सिल्व्हर इथे उघडं पडतं. तांब्यावर मुलामा असेल तर फसाल, कारण तांबंही जवळपास तितकंच जलद.

आवाजाची परीक्षा नाण्यांसाठी. बोटाच्या टोकावर नाणं तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी मारा. चांदीचा नाद स्वच्छ आणि लांबणारा, शिशाचा किंवा ओतीव नकलीचा बसका. खरं नाणं शेजारी असेल तरच तुलना करा.

राणीछाप आणि राजाछाप रुपये

या नाण्यांत लोक सर्वांत जास्त फसतात. व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात चांदी शेकडा सुमारे ९१.७. रुपयाभार हे माप त्यातूनच आलं. आज सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, हिशोब करताना हे ध्यानात ठेवा. १९४० पासून सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्म्यावर आणली गेली, वजन तेच ठेवून. १९४७ चा मागे वाघ असलेला रुपया तर निकेलचा, तो चुंबकाला लगेच चिकटतो. एकाच पुरचुंडीतल्या रुपयांची किंमत अशी तीन तऱ्हेची असते, म्हणून विकताना साल पाहून वेगळे करा, सगळे एका भावात देऊ नका.

पाण्याच्या परीक्षेत न झिजलेला राणीछाप रुपया सुमारे १.१३ दाखवतो, १९४० नंतरचा अर्ध्या चांदीचा सुमारे १.२२ आणि निकेलचा १.३१. हाताळून झिजलेल्या नाण्याचं वजन थोडं कमी भरेल, भागाकार बदलणार नाही. नकली बहुधा ओतीव असतं. त्यावर बारीक पुटकुळ्या दिसतात, अक्षरांच्या कडा गोलसर, कधी काठावर सांध्याची रेघ. राणीच्या नावापुढे 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस' हे १८७७ पासूनच आलं. त्याआधीच्या सालावर 'एम्प्रेस' दिसलं तर नाणं बनावट.

"वावरात हंडा सापडला, घरच्यांना सांगू नका, स्वस्तात देतो" म्हणत कोणी आलं तर एका नाण्यावरून सौदा करू नका. दाखवायला आणलेलं एक नाणं खरं असतं, पिशवीतली बाकीची नसतात. शिवाय १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार जमिनीत सापडलेलं दहा रुपयांवरच्या किमतीचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. असा माल घेणाराही अडचणीत येतो.

हे करू नका

तेजाब घरी आणू नका. सराफ वस्तूच्या आडबाजूला ओरखडा काढून नायट्रिक आम्लाचा थेंब टाकतो. हिरवा फेस आला तर तांबं-पितळ, दुधाळ थर आला तर चांदी. ही परीक्षा खरी आहे, पण त्या आम्लाने कातडी जळते, डोळा जातो, आणि धूर फुप्फुसाला घातक. लेकराबाळांच्या घरात ती बाटली नकोच.

कानस लावू नका, वस्तू कापू नका. लाख भरलेला दागिना गरम पाण्यात टाकू नका, लाख वितळून बाहेर येते. साध्या भरीव चांदीचा काळेपणा काढायचा तर गरम पाणी, खायचा सोडा आणि तळाला अ‍ॅल्युमिनियम फॉइल पुरे. सडक्या अंड्यासारखा थोडा वास येईल, तो निघून जाणाऱ्या गंधकाचा. मुद्दाम काळी केलेली नक्षी असेल तर हेही करू नका.

दारावर "पॉलिश करून देतो" म्हणत येणाऱ्याच्या हाती दागिना देऊच नका. वस्तू बदलली जाते, नाहीतर त्याच्या पाण्यात चांदी विरघळून वजन घटतं.

टंच काढायला जाताना

घरी कळलं की वस्तू चांदीची आहे. आता किती, ते बाहेर. खामगावची ओळखच चांदीसाठी आहे. नागपूरची इतवारी, अकोला, अमरावती इथल्या सराफ्यांतही टंच काढून मिळतो. मशीनवरचा टंच एक्स-किरणांनी निघतो आणि वस्तू मोडावी लागत नाही, पण किरण फक्त वरचा थर वाचतात. मुलामा असेल तर मशीनही भरघोस आकडा दाखवेल. म्हणून झिजलेल्या किंवा किंचित घासलेल्या जागेवर आणि दोन-तीन ठिकाणी वाचन घ्यायला सांगा. पैंजणात कडी आणि झाळ, म्हणजे डाख लावून जोडलेला सांधा, दोन्हींचा आकडा घ्या. झाळेची चांदी हलकी असते, त्यामुळे गाळल्यावर सगळ्याचा मिळून टंच कडीपेक्षा खाली येतो. सराफ ही घट सांगत असेल तर ते खोटं नाही. ती किती धरली, हे मात्र विचारा.

विकायचं ठरलं तर घरचं वजन लिहिलेला कागद सोबत ठेवा. काटा शून्यावर आहे हे पाहूनच वस्तू ठेवू द्या. घुंगरू, खडे, दोरा तुमच्यासमोर काढून मग वजन होऊ द्या. वस्तू गाळायची असेल तर गाळताना समोर उभे राहा, आत नेऊ देऊ नका. एका दुकानाचा भाव ऐकून त्याच पेठेत दुसरीकडे विचारायला संकोच कशाचा?

गहाण ठेवायचं असेल तर सावकाराचा परवाना पाहा आणि पावतीवर वस्तूचं नाव, वजन, टंच लिहून घ्या, नुसतं 'चांदीचा डाग १' असं चालणार नाही. चांदीवर बँकेकडूनही कर्ज मिळू शकतं. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोन्या-चांदीच्या तारणाचे नियम काढले. त्यांत कर्ज घेणाऱ्यासमोरच दागिन्याची पारख करायची आणि वजन, शुद्धता, केलेली वजावट लिहून द्यायची असं बंधन आहे. बँकांना ते लागू करायला १ एप्रिल २०२६ ही शेवटची मुदत दिली होती. दागिने चालतात, चांदीची वीट चालत नाही. तालुक्याच्या शाखेत जाऊन चांदीवर कर्ज देता का, हे आधी विचारून घ्या. सगळ्याच शाखा देतात असं नाही.